रिझर्व्हचे पन्नास किलोमीटर

मी एक जुना सायलेन्सर आहे, मित्रांनो, आणि माझी गोष्ट ऐकायची तर आधी माझी लाज ऐकून घ्यावी लागेल. इतर वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आपण कुणाच्या किती उपयोगी पडलो ते सांगतात. छत्री सांगते, मी भिजले पण धन्याला भिजू दिलं नाही. खुर्ची सांगते, माझ्यावर मोठमोठी माणसं बसून गेली. माझ्यापाशी तसलं काही नाही. मी ज्या घरात गेलो तिथल्या एका मुलीचं वर्ष बुडवलं आणि तिच्या वडिलांचा स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा उडवला. आणि हे करताना माझा आवाज चार गल्ल्यांत ऐकू जात होता.

माझा जन्म शहराबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. तिथे दोन कारागीर दिवसाला माझ्यासारखे चाळीस तरी नग काढत. पत्रा वाकवायचा, सांधा जोडायचा, आत भोकाभोकांची नळी बसवायची आणि तिच्याभोवती काचेच्या लोकरीचा थर कोंबायचा, तोही हात आखडून. गाडीबरोबर कंपनीतून जो सायलेन्सर येतो त्याच्या पोटात कप्पे असतात. इंजिनाचा धूर आणि आवाज त्या कप्प्यांतून फिरून फिरून दमतो आणि मगच बाहेर पडतो. माझ्या पोटात कप्पेच नव्हते. आत आलं ते सरळ बाहेर गेलं. वरून मात्र मला असं चमकवलं होतं की माझ्यात बघून केस विंचरावेत, आणि कुशीवर लाल अक्षरांत ‘रेसिंग’ अशी पट्टी चिकटवली होती. सायलेन्सर म्हणजे आवाज कमी करणारा, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, त्यातला मी.

तिथून मी नाना पेठेतल्या एका दुकानात आलो आणि दारात तारेला लटकलो. दुकानदार प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच वाक्य म्हणायचा, “पिकअप वाढतो, टॉप वाढतो, आणि अ‍ॅव्हरेज आहे तेच.” दिवसातून वीस वेळा ते ऐकून मलाही ते खरं वाटू लागलं. अ‍ॅव्हरेज म्हणजे एका लिटर पेट्रोलमध्ये गाडी किती किलोमीटर जाते ते, एवढंसुद्धा मला ठाऊक नव्हतं.

एका शनिवारी दुपारी तिथे धम्मदीप आला. सत्तावीस वर्षांचा, खराडीच्या एका आयटी कंपनीत कामाला, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच लटकलेलं. त्याने बाहेर लावलेली गाडी बघून मी तारेवरच नाक मुरडलं. शंभर सीसीची, एकवीस वर्षांची मोटरसायकल. रंग उडालेला, सीटला रेक्झिनचं ठिगळ. गाडी त्याच्या वडिलांची होती. ऑफिसच्या पार्किंगमध्ये ती लावली की बरोबरची मुलं म्हणायची, “भावा, ही म्युझियमला कधी देतोयस?” धम्मदीप हसायचा. पण दुसऱ्या दिवशी गाडी खांबामागे लावायचा. आपल्या बापाच्या गाडीची त्याला लाज वाटत होती. माझ्या गोष्टीतली ही पहिली लाज, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यातून निघाल्या.

हे पुढे कळलं, पण आधी तो रंगनाथ मिस्त्रींकडे गेला होता. त्यांचं विश्रांतवाडीत छोटंसं गॅरेज आहे, आणि ही गाडी नवी असल्यापासून त्यांच्याच हातातली. माणूस सदाशिव पेठेत वाढलेला, त्यामुळे पाना आणि जीभ दोन्ही नेमके बसणारे. धम्मदीपने मोबाइलवर माझ्यासारख्याचा फोटो दाखवला तेव्हा ते म्हणाले होते, “बसवू की. सोबत एक पाटीही देतो. ‘आवाज पुढे गेला आहे, गाडी मागून येत आहे.’”

“काका, मस्करी नको. परफॉर्मन्स वाढतो याने.”

“एकवीस वर्षांचं इंजिन आहे ते. त्याला धाप लागू नये म्हणून मी जपतोय, आणि तू त्याला शर्यतीला उभं करतोयस. जा, दुसरीकडे कर.”

तेव्हापासून धम्मदीपने त्या गॅरेजचा रस्ताच सोडला आणि तो नाना पेठेत येऊन मला घेऊन गेला.

मला बसवलं आणि माझ्या जोडीला उघड्या तोंडाचा एअर फिल्टर बसवला. पहिल्याच दिवशी गाडी खोकायला लागली. मित्रांनो, इंजिनाला हवा आणि पेट्रोल ठरलेल्या मापात लागतं. नव्या फिल्टरमधून हवा भसाभस आत येत होती, माझ्यातून धूर भसाभस बाहेर जात होता, आणि मधल्या मध्ये पेट्रोल कमी पडत होतं. दुकानदाराने त्यावर इलाज काढला. कार्ब्युरेटरमध्ये पितळेचं एक बारीक भोकाचं जेट असतं, त्यातून पेट्रोल इंजिनात जातं. त्याने ते काढून मोठ्या भोकाचं घातलं. खोकला थांबला, पण जी गाडी घोट घोट प्यायची ती घटाघटा पिऊ लागली. शिवाय माझ्यामुळे तिचा खालचा जोर गेला. संगमवाडीचा पूल ती पूर्वी चौथ्या गिअरमध्ये रमतगमत चढायची. आता तिसरा टाकून मूठ पिळावी लागे. मूठ पिळली की मी गरजायचो, आणि मी गरजलो की धम्मदीपला वाटायचं, काय पळतेय गाडी! वेगाचा काटा फार तर दोन घरं पुढे सरकला होता. अ‍ॅव्हरेज मात्र पासष्टवरून चाळिशीला आलं.

धम्मदीपचे वडील सुखदेव हे वाशिमकडून विसाव्या वर्षी पुण्यात आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला लागले. अडतीस वर्षं पत्र्यावर आदळणाऱ्या यंत्रांशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले. घरात सगळे त्यांच्याशी चढ्या आवाजात बोलत. मी पहिल्यांदा गल्लीत शिरलो तेव्हा शेजारच्या इंदुबाईंनी धाडकन खिडकी लावून घेतली, आणि सुखदेव मात्र कौतुकाने म्हणाले, “आवाज बरा आहे. गाडी चालू झाल्याचं कळतं तरी आता.” जुना सायलेन्सर गंजून फुटला होता म्हणून नवा घातला, एवढंच धम्मदीपने त्यांना सांगितलं होतं. फिल्टर आणि जेट यांबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

या साध्या माणसाला मिरवायला एकच गोष्ट होती. त्या गाडीला पेट्रोलचा काटा नाही. टाकीखाली एक कॉक आहे. पेट्रोल संपत आलं की गाडी आचके देते, मग कॉक फिरवायचा, की तळाशी राखलेलं पेट्रोल सुरू होतं. त्याला रिझर्व्ह म्हणतात. “रिझर्व्हला पन्नास किलोमीटर,” सुखदेव सांगायचे. “एकवीस वर्षांत पन्नासाचे एकोणपन्नास झाले नाहीत.” रिझर्व्ह लागलं की ते मीटरवरचा आकडा मोठ्याने वाचत, तो डोक्यात ठेवत, आणि पन्नास पुरे व्हायच्या आत पंपावर जात. कागदावर कधी काही लिहिलं नाही. कुणाची गाडी पेट्रोलअभावी रस्त्यात थांबलेली दिसली की म्हणत, “गाडी बंद पडत नाही, माणूस विसरतो.” हे वाक्य एक दिवस त्यांच्यावरच उलटणार होतं, आणि ते माझ्यामुळे.

दुसऱ्याच आठवड्यात धम्मदीपला रिझर्व्हने चंदननगरला दगा दिला. बत्तीस किलोमीटर झाले होते. तिथेच त्याला सगळं कळलं. त्याने घरी जाऊन सांगायला हवं होतं. पण वडिलांच्या पन्नासाला आपण हात लावला, हे सांगायला त्याची जीभ रेटेना. मग रोज संध्याकाळी खराडीहून येताना तो पंपावर थांबून थोडं पेट्रोल टाकू लागला, मी जेवढं उधळलं असेल तेवढं. रविवारी सुखदेव गाडी काढत तेव्हा टाकीत त्यांच्या अंदाजाइतकं पेट्रोल असायचं. एकदा तर पोराच्या हातून पेट्रोल जास्तच पडलं आणि सुखदेव इंदुबाईंना सांगत सुटले, “नव्या सायलेन्सरने अ‍ॅव्हरेज उलट वाढलंय!” धम्मदीप आत जेवत होता. त्याने पुढचा घास घेतला. मीही दाराशी उभ्या गाडीला चिकटून ते कौतुक खात होतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, त्यातलं कुत्रं मी.

त्या घरात आणखी एक जण होती, सोनाली, धम्मदीपची धाकटी बहीण. दोन वर्षं ती सरकारी अधिकारीपदाच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. सकाळी सातच्या बसने सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जायची ती दिवेलागणीला परत यायची. परीक्षा वर्षातून एकदा. मागच्या खेपेला दोन गुणांनी हुकली होती. “यंदा शेवटचं,” तिने आईला, राधाबाईंना, सांगून टाकलं होतं. “झालं तर झालं, नाही तर मिळेल ती नोकरी धरणार.” राधाबाईंनी त्यावर तिच्या डब्यात एक पोळी वाढवली होती.

परीक्षेच्या आदल्या दिवशी, शनिवारी, सुखदेव गाडी घेऊन गावात गेले. सोनालीच्या प्रवेशपत्राच्या दोन प्रती काढल्या आणि मंडईतून राधाबाईंनी सांगितलेली अंबाडीची जुडी घेतली. मंडईच्या बाहेरच गाडीने आचका दिला. सुखदेवांनी कॉक फिरवला, मीटर वाचलं, आकडा दोनदा म्हटला. घरी आल्यावर चपला काढता काढता त्यांनी जाहीर केलं, “रिझर्व्ह लागलंय बरं का. इथवर दहा झाले. उद्या केंद्रापर्यंत चोवीस. चौतीस. आरामात होतंय. येताना भरू.”

“अहो, आत्ताच टाकून या ना,” राधाबाई म्हणाल्या.

“काय?”

“आत्ताच टाका म्हटलं पेट्रोल!”

“कशाला? पन्नास आहेत.”

दार उघडंच होतं, त्यामुळे हे सगळं मला ऐकू आलं. धम्मदीपचा आवाज ऐकू आला नाही. तो घरातच होता.

रविवारी सकाळी सुखदेवांनी मला फडक्याने पुसलं. मला आजही त्या फडक्याची आठवण आली की मेल्याहून मेल्यासारखं होतं. सोनालीने बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, आईच्या पाया पडली आणि पारदर्शक पिशवीत पेनं आणि प्रवेशपत्र घेऊन मागे बसली. मी गरजलो. गल्ली जागी झाली. आम्ही पावणेआठला निघालो.

केंद्र कात्रजच्या पलीकडे, नव्या वस्तीतल्या एका कॉलेजात होतं. फाटक साडेनऊला बंद होणार होतं. कात्रज ओलांडून गाडी बाह्यवळणाला लागली तेव्हा नऊला दहा मिनिटं कमी होती आणि केंद्र चार किलोमीटरवर होतं. तिथे गाडीने एक आचका दिला, मग दुसरा, आणि थांबली.

सोनाली उतरली. “बाबा, पेट्रोल संपलं का?”

“काय?”

“पेट्रोल! संपलं का?”

“पेट्रोल कसं संपेल? तीसच झालेत. प्लग असणार. दोन मिनिटं दे मला.”

मित्रांनो, मला ठाऊक होतं. टाकीतला शेवटचा थेंब माझ्याच पोटातून धूर होऊन गेला होता. एरवी चार गल्ल्या उठवणारा मी, त्या वेळी एक शब्द काढू शकलो नाही. इंजिन बंद की माझं तोंड बंद. सुखदेवांनी प्लग काढला, रुमालाने पुसला, रस्त्याच्या कडेच्या दगडावर घासला, पुन्हा बसवला. साठीचा माणूस, पण किकवर किक मारत राहिला. घाम नाकावरून टाकीवर पडत होता. त्यांनी पुन्हा प्लग काढला. बाप गाडी सुरू करणार याबद्दल सोनालीला इतकी खात्री होती की तीही उभी राहिली. त्या दोन मिनिटांची पंचवीस झाली.

शेवटी सोनालीनेच टाकीचं झाकण उघडलं आणि गाडी हलवली. आत काही वाजलं नाही. सुखदेवांनी बोट घालून पाहिलं. बोट कोरडं आलं. ते त्या बोटाकडे बघतच राहिले.

सोनालीने मोबाइलवर रिक्षा बोलावली. पहिल्याने येतो म्हणून रद्द केली, दुसऱ्यानेही तेच केलं. मग ती पिशवी छातीशी धरून पळत सुटली. पुढे एका कांद्याच्या टेम्पोने तिला घेतलं, एवढं मी लांबून पाहिलं.

सुखदेव मला आणि गाडीला ढकलत निघाले. दोन किलोमीटरवर एका पंक्चरवाल्याने बाटलीभर पेट्रोल दिलं. आम्ही केंद्रावर पोहोचलो तेव्हा सोनाली दुभाजकावर बसली होती. पेनं तशीच पिशवीत होती.

“गेट बंद झालं, बाबा,” ती हळू म्हणाली.

“काय?”

तिला तेच वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हणावं लागलं. “गेट बंद झालं! तीन मिनिटं उशीर झाला!”

 घरी येऊन सुखदेवांनी गाडीची किल्ली नेहमीच्या खुंटीला न लावता फळीवर टाकली आणि राधाबाईंना म्हणाले, “माझीच चूक. मी आकडा विसरलो. चौसष्ट असेल तर मी चौऱ्याऐंशी वाचला असेल. आता माझ्या डोक्याचा भरवसा नाही.” मी दाराबाहेर ऐकत होतो. धम्मदीप दारात उभा राहून ऐकत होता. आम्हा दोघांपैकी एकाला तोंड होतं.

आठ दिवस सुखदेवांनी किल्लीला हात लावला नाही. बाजारात चालत गेले. नळ बंद केला का, हे दोनदा जाऊन बघू लागले. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायच्या आधी थांबायचे आणि बायकोकडे बघायचे. सोनालीने एका क्लासमध्ये नोकरीचा अर्ज केला. धम्मदीप बसने ऑफिसला जाऊ लागला. मी दाराशी उभा होतो आणि पहिल्यांदाच मला वाटलं की कुणीतरी मला काढून भंगारात टाकावं.

पुढच्या रविवारी सुखदेवांनी मुलाला बरोबर घेतलं आणि गाडी ढकलत रंगनाथ मिस्त्रींच्या गॅरेजवर आणली. “रंगनाथराव, गाडी उत्तम आहे. मीच आता चालवण्याच्या लायकीचा राहिलो नाही. कुणी गिऱ्हाईक असेल तर बघा.”

रंगनाथ गाडीभोवती एक फेरी मारून माझ्यापाशी थांबले. “हे भजनी मंडळ कधी बसवलंत?” त्यांनी बाजूचा पत्रा काढला, उघड्या फिल्टरकडे पाहिलं. कार्ब्युरेटरची वाटी उघडली, जेट काढून उजेडाला धरलं आणि त्याच्या भोकातून धम्मदीपकडे पाहिलं. धम्मदीपने मान खाली घातली. सुखदेव गिऱ्हाइकाच्या गोष्टी सांगत होते, त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं.

रंगनाथांनी जेट परत बसवलं आणि मापाची एक बाटली हँडलला टांगली. जुन्या मिस्त्रींची ही रीत आहे. टाकी बंद करून बाटलीतल्या शंभर मिली पेट्रोलवर गाडी चालवायची. जिथे बंद पडेल तिथवरचे किलोमीटर दहापट केले की अ‍ॅव्हरेज निघतं. “जा,” ते धम्मदीपला म्हणाले. “थांबेपर्यंत चालव, मग ढकलत आण. मी सुखदेवरावांना काही सांगणार नाही. तोंड तुला दिलंय.”

आम्ही लोहगावच्या रस्त्याला गेलो आणि फिरून परत येत असताना, चार किलोमीटर आणि वर शंभर मीटरला थांबलो. धम्मदीप मला ढकलत निघाला. ऊन चढलं होतं. वाटेत तो दोनदा थांबला. पेट्रोलपंप लागला, तरी त्याने तिकडे मान वळवली नाही.

गॅरेजवर तोवर सोनाली आली होती. वडील गाडी विकायला गेले, हे आईकडून कळल्यावर ती तशीच धावत आली होती. समोर बेकरीवर रविवारची गर्दी होती.

“बाबा,” धम्मदीप खालच्या आवाजात म्हणाला, “एक्केचाळीस.”

“काय?”

“एक्केचाळीसचंच अ‍ॅव्हरेज आहे. मी जेट बदललं होतं.”

“मोठ्याने बोल रे. काय बदललं?”

मग त्याला ओरडावं लागलं. भर रस्त्यात, बेकरीवरची माणसं वळून बघत असताना. “तुम्ही विसरला नव्हता, बाबा! आकडा बरोबर होता! मी फिल्टर बदलला, जेट बदललं, गाडी जास्त पेट्रोल खायला लागली! तुम्हाला कळू नये म्हणून मी रोज चोरून पेट्रोल टाकत होतो! त्या शनिवारी तुमच्याकडे गाडी होती, मला टाकता आलं नाही!”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सकाळी उठून टाकीन म्हटलं. जाग आली तेव्हा तुम्ही निघाला होतात. सायलेन्सरचा आवाज ऐकला मी! फोन करायला हवा होता! म्हटलं, पोचेल. आणि पांघरूण ओढून घेतलं!”

 सुखदेव एका जुन्या टायरवर बसले.  मग विचारलं, “म्हणजे तीसच झाले होते?”

“तीसच, बाबा.”

“मी बरोबर वाचलं होतं?”

“बरोबर वाचलं होतं!”

सुखदेवांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “आठ दिवस रोज पहाटे उठून पाढे म्हणून बघतोय रे मी,” ते म्हणाले. “एकोणतिसाचा म्हणतो, सत्ताविसाचा म्हणतो. डोकं शाबूत आहे की नाही ते बघायला. सगळे येतात. तरी वाटायचं, येत असतील आज, उद्या येणार नाहीत.”

मित्रांनो, ती पहाटेची पुटपुट मी दाराशी रोज ऐकली होती. मला वाटलं होतं, म्हातारा बुद्धवंदना म्हणतोय.

सोनाली भावासमोर येऊन उभी राहिली. ती ओरडली नाही. “माझं वर्ष मी पुन्हा काढीन,” ती म्हणाली. “बाबांना आठ दिवस पाढे म्हणायला लावलेस. ते ऐकत तू शेजारच्या खाटेवर झोपत होतास. त्याचं काय करणार आहेस ते सांग.”

 धम्मदीपने रंगनाथांकडून पाना मागून घेतला, गुडघे टेकून बसला आणि मला स्वतःच्या हाताने काढलं.

रंगनाथांनी भंगारातून त्याच जातीच्या गाडीचा साधा सायलेन्सर काढला, मापाचं जेट आणि फिल्टरचा जुना डबा बसवला, बाटली पुन्हा भरली आणि किल्ली सुखदेवांपुढे धरली. “आता मालकांनी चालवायची.” सुखदेवांनी किल्लीकडे पाहिलं, मग लेकीकडे. सोनाली मागच्या सीटवर जाऊन बसली. “चला, बाबा!” ती त्यांच्या कानाशी ओरडली. दोघं गेली आणि खूप वेळाने गाडी ढकलत परत आली. सुखदेवांनी दुरूनच दोन्ही हातांची मिळून सहा बोटं दाखवली.

गाडी विकायची गोष्ट तिथेच संपली. पण मुलीचं वर्ष परत आलं नाही. ती आता क्लासमध्ये शिकवते आणि संध्याकाळी अभ्यास करते. बापलेक बोलतात, पण पूर्वीसारखं नाही. सुखदेव अजूनही नळ दोनदा बघतात. भरवसा एकदा हलला की जागेवर बसायला फार दिवस लागतात, हे मला रंगनाथांकडे त्यांनी मारलेल्या गप्पांतून कळतं.

मी गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला आहे. चमक गेली, लाल पट्टी सोलली. कुणी जुनी गाडी घेऊन आलं आणि “काका, जरा परफॉर्मन्स वाढवायचाय” म्हणालं की रंगनाथ माझ्याकडे बोट दाखवतात आणि विचारतात, “घरात ही गाडी आणखी कोण चालवतं?” परवा नम्रता नावाची एक मुलगी आईची जुनी स्कूटर घेऊन आली होती. “आई चालवते. पण तिला त्यातलं काय कळणारे?” ती म्हणाली. रंगनाथांनी तिला माझी गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत उभी राहिली आणि मग तिने आईला फोन लावला.

मित्रांनो, गाडी जुनी असेल तर तिचं ऑइल वेळेवर बदला, फिल्टर साफ ठेवा, चाकात हवा पुरेशी ठेवा. ती जे देते आहे ते तिच्या वयाच्या मानाने पुष्कळ आहे. आणि तिच्यात काही बदल करायचाच झाला, तर जी जी माणसं तिच्यावर विसंबून घराबाहेर पडतात त्यांना आधी सांगा. सांगायला लाज वाटेल. ती त्याच दिवशी सोसून घ्या. त्या दिवशी ती एका माणसापुरती असते.